मे महिन्यातला सामना आणि सावलीची जागा

प्रश्न : मे महिन्यात साताऱ्यात दुपारी दोन ते सहा क्रिकेटचा सामना आहे. मैदान उघडं, सोबत ७२ वर्षांचे वडील. बसायचं कुठे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पश्चिमेकडच्या गॅलरीत, वरच्या रांगांमध्ये. १२ मेच्या आसपास आपल्याकडे सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर असतो, त्यामुळे मागे दहा फुटी भिंत असली तरी दोन वाजता तिची सावली जेमतेम चार फूट पडते. साडेतीनला ती नऊ-दहा फूट होते, पाचला वीस. म्हणजे पहिला दीड तासच खरा कठीण. तेवढा वेळ भिंतीला टेकूनच बसवा.

छप्पर दिसलं म्हणून पूर्वेच्या गॅलरीत जाऊ नका. तीननंतर ऊन छपराखालून तिरपं शिरतं आणि सरळ तोंडावर येतं. पश्चिमेला छप्पर असेल तर उत्तमच, फक्त पत्रा डोक्याला लागून असेल तर सगळ्यात वरची रांग सोडा, तापलेल्या पत्र्याची झळ खाली येते.

दिशा आदल्या दिवशी मोबाइलच्या होकायंत्रावर बघून ठेवा. सिमेंटची पायरी सावली आल्यावरही बराच वेळ भाजते, तेव्हा सतरंजीची चौपदरी घडी हवीच. वडिलांना गरगरलं किंवा मळमळलं, तर षटक संपायची वाट न बघता लगेच बाहेर वाऱ्याला न्या.