युझूचा रस: पहिली बाटली घेताना

जपानात नवीन आहात, तर युझू या लिंबाच्या जातीतल्या आंबट, सुवासिक फळाला लिंबू समजून सरबत करायला जाऊ नका. फळात बियाच जास्त, रस चमचाभर. म्हणून बाटलीच घ्या, पण मागचं लेबल वाचा: फक्त युझूचा रस हवा, साखर घातलेलं पेय नको. शिकोकू बेटावरच्या कोची भागातला मिळाला तर उत्तम, सगळ्यात जास्त युझू तिथेच पिकतो.

खरी किंमत वासाची आहे, आणि तो उष्णतेने उडतो. त्यामुळे गॅस बंद केल्यावरच घाला. आमच्याकडे मुगाच्या वरणात शेवटी अर्धा चमचा पडतो. आई लिंबू विसरली! सोया सॉसमध्ये मिसळलात की घरचा पोन्झू, म्हणजे जपानी आंबट-खारट सॉस, तयार. शाकाहारी असाल तर हेच बरं, विकतच्या पोन्झूत बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, उरलेला रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

फायदे? क जीवनसत्त्व आहे, मीठ कमी घालूनही चव उठते. वजन उतरवण्याच्या गप्पांवर जाऊ नका. उपाशीपोटी नुसता रस तर मुळीच नको, दात आंबतात.

आणि डिसेंबरात, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, जपानी रीतीप्रमाणे अख्खी फळं आंघोळीच्या गरम पाण्याच्या टबात सोडून बघा.