वर्कशॉपचा नकाशा सात महिने अडकलाय, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो टाकून घ्या

(वाचकांचे प्रश्न : घर आणि बांधकाम)

प्रश्न : सर नमस्कार. मी आयटीआयमधून रिटायर झालो, सुतारकाम शिकवण्यात ३१ वर्षं गेली. आता घराच्या मागे एक छोटं वर्कशॉप बांधायचंय, १२ बाय १८ फूट, बंगल्याला लागूनच. लाकडाची खराद, एक बेंच ग्राइंडर, वेल्डिंगचा छोटा सेट एवढंच ठेवणार. भोवरे, पोळपाट-लाटणी, देव्हारे असलं काहीतरी करत बसायचं, धंदा नाही करायचा. प्लॉट ३३५० स्क्वेअर फूट आहे, सोसायटीच्या लेआउटमधला, मागे १५ फूट मोकळी जागा. बंगला १९९८ चा, मंजूर नकाशा आहे, भोगवटा प्रमाणपत्र पण आहे. नंतर फक्त मागची गॅलरी बंद करून घेतली आणि जिन्याखाली संडास काढला एवढाच बदल. ९ जूनला आर्किटेक्टमार्फत फाइल ऑनलाइन टाकली. १८ जुलैला त्रुटी आली की मोजणी नकाशा लावा, तो मिळवून ३० ऑगस्टला लावला. मग २० सप्टेंबरला सोसायटीची एनओसी मागितली, ती ६ ऑक्टोबरला दिली. २४ नोव्हेंबरला परत त्रुटी, की निवासी झोनमध्ये वर्कशॉप कसं चालेल याचा खुलासा करा. मी स्वतः जाऊन साहेबांना समजावून सांगितलं, ते बघतो म्हणाले, नंतर त्यांची बदली झाली. आता जानेवारी आलाय. २० गोण्या सिमेंट मेमध्येच आणून ठेवलंय, सळई पडून आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो काका टाकून घ्या, नंतर रेग्युलर करू, सगळे तसंच करतात. पेपरात तर वाचलं होतं की दहा दिवसात परवानगी मिळते. काय करू? (गावाचं नाव छापू नका.)

उत्तर : काका, पत्र दोनदा वाचलं. गावाचं नाव तुम्ही म्हणालात म्हणून काढलंय, तसंही त्याने काही फरक पडत नाही, अशी पत्रं सगळीकडून येतात.

आधी ते दहा दिवसाचं. ती बातमी खोटी नव्हती, राज्याची जी एकत्रित नियमावली २०२० च्या डिसेंबरात आली (मुंबई सोडून जवळपास सगळीकडे तीच लागू आहे, मुंबईची वेगळी) त्यात छोट्या प्लॉटला सवलत दिली, साधारण दीड हजार चौरस फुटापर्यंत नुसती सूचना देऊन आणि फी भरून काम सुरू करता येतं, आणि साधारण तीन हजार चौरस फुटापर्यंत दहा दिवसात परवानगी. तुमचा प्लॉट ३३५०. थोडक्यासाठी हुकलं. म्हणजे तुम्हाला नेहमीचाच रस्ता.

आता नेहमीचा रस्ता म्हणजे एमआरटीपी कायदा १९६६ (महाराष्ट्राचा प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा), त्याचं कलम ४५. त्यात लिहिलंय की ६० दिवसात निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं, मानीव परवानगी म्हणतात तिला. लोकांना एवढंच माहीत असतं आणि ते जूनपासून दिवस मोजत बसतात. पण पुढची ओळ कोणी वाचत नाही. ते ६० दिवस अर्जापासून, किंवा त्यांनी काही मागितलं आणि तुम्ही उत्तर दिलं त्या तारखेपासून, यातली जी तारीख नंतरची असेल तिथून. म्हणजे प्रत्येक त्रुटीला मीटर परत शून्यावर. तुमचंच बघा, ६ ऑक्टोबरला एनओसी दिली आणि तिसरी त्रुटी ४९व्या दिवशी आली. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण हे ४५-५० दिवसाचं गणित मी इतक्या फायलींवर बघितलंय की आता हसू येतं.

आणि खरी अडचण पुढेच आहे. तिसऱ्या त्रुटीचं उत्तर तुम्ही तोंडी दिलंत. साहेब बघतो म्हणाले, साहेब गेले, आता फाइलवर काय आहे? त्रुटी आहे आणि उत्तर नाही. म्हणजे नोव्हेंबरपासून कायद्याच्या हिशोबाने फाइल तुमच्याकडे पेंडिंग आहे, त्यांच्याकडे नाही! साठातला एक दिवस पण सुरू झालेला नाही. तुम्ही दीड महिना वाट बघताय ती कशाचीच नाही. आजच आर्किटेक्टकडे जा, त्याच्याशेजारी बसा आणि त्याचं लॉगिन उघडायला लावा, कारण त्रुटी त्याच्या लॉगिनला येतात, मालकाला सांगितल्या तर सांगितल्या. त्यात तुम्हाला न कळवलेली अजून एखादी निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता खुलाशात काय लिहायचं ते सांगतो, पण त्याआधी नकाशावरचा तो शब्द बदला. नकाशात खोलीवर 'वर्कशॉप' लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे गॅरेज येतं, तीन कामगार आणि रस्त्यावर लावलेल्या रिक्षा. खोटं लिहा असं म्हणत नाही. नियमावलीतच घरगुती व्यवसायाची व्याख्या आहे आणि ती तुमच्यावर जवळपास मापाने शिवल्यासारखी बसते : घरात राहणाऱ्यानेच करायचं, पगारी माणूस ठेवायचा नाही, बाहेर पाटी नाही, धोकादायक काही नाही, आणि मोटर वापरली तर एकूण लोड ०.७५ किलोवॉट म्हणजे १ एचपीच्या आत. शेवटचं नीट वाचा, एकूण. खराद पाऊण एचपीची घेतलीत आणि ग्राइंडर पावचा, झालं, कोटा संपला. वेल्डिंग सेट यादीतून काढा. तसाही भोवऱ्याला वेल्डिंग कशाला लागतं हो? आणि सेट लावला की शेजारच्यांचे दिवे लुकलुकायला लागतात, तक्रारी अर्ज तिथूनच जन्माला येतो. नकाशावर 'छंद खोली' लिहा, सोबत या सगळ्या अटींचं हमीपत्र आणि मशीनच्या पाट्यांवरचे एचपीचे आकडे द्या. आवाजाचा प्रश्न काढलाच तर निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० नंतर ४५ अशी आहे, रात्री मशीन चालवणार नाही हे पण लिहून टाका.

दुसरी गोष्ट, जी तुमच्या त्रुटीत अजून आलेली नाही पण येणार. मागे १५ फूट, त्यात १२ फुटाची खोली, उरले ३ फूट, म्हणजे एक मीटरसुद्धा नाही. मागची मार्जिन (हद्दीपर्यंत मोकळी सोडायची जागा) इतकी कमी तुमच्यासारख्या प्लॉटला चालणं कठीण, तुमच्या आर्किटेक्टने हे काढलंच कसं? किती सोडायची ते प्लॉटच्या आकारावर आणि तुमच्या मंजूर लेआउटवर ठरतं, ते त्याच्याकडून लेखी घ्या. माझ्या मते खोली फिरवा. १२ बाय १८ म्हणजे २१६ फूट, ९ बाय २४ म्हणजे पण २१६ फूटच. बंगल्याच्या भिंतीला लावून लांबट खोली घ्या, मागे ६ फूट राहतील, ते पुरतात का तपासा, नाहीतर अजून अर्धा फूट चोरा. आणि तुम्ही ३१ वर्षं शिकवलंय, तुम्हाला मी काय सांगू, खरादीला आणि लांब फळीला चौकोनी खोलीपेक्षा लांबट खोलीच सोयीची, टेबल भिंतीला आणि फळी सरळ सरकवायची.

तिसरी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात, गॅलरी बंद केली आणि जिन्याखाली संडास. काका, तुमच्या दृष्टीने तो 'एवढाच बदल' आहे, पण वाढीव बांधकामाच्या नकाशात जुना बंगला पण दाखवावा लागतो, आणि साइट व्हिजिटला आलेला इंजिनिअर आधी मंजूर नकाशा हातात धरून जुनंच मोजतो. तिथे गॅलरी बंद दिसली की चौथी त्रुटी, आणि मीटर परत शून्य. म्हणून तीनही गोष्टी एकाच सुधारित नकाशात घ्या : गॅलरी आणि संडास नियमित करण्याचा प्रस्ताव (त्याचं शुल्क लागेल, ते गिळा), फिरवलेली खोली, बदललेलं नाव. एकच कव्हरिंग लेटर, त्यात 'दि. २४ नोव्हेंबरच्या त्रुटीची पूर्तता' असं स्पष्ट, ऑनलाइन अपलोड आणि एक प्रत आवक विभागात देऊन आवक क्रमांकाचा शिक्का. त्या शिक्क्यावरची तारीख तुमचा पहिला दिवस. अपलोड करताना सॉफ्टवेअर ड्रॉइंग नापास करेल, घाबरू नका, बरेचदा कुठलीतरी रेघ बंद केलेली नसते किंवा चुकीच्या लेअरवर असते, खोलीची आउटलाइन मिलिमीटरभर उघडी राहिली तरी त्याला क्षेत्रफळ सापडत नाही. ते आर्किटेक्टच्या पोराचं तासाभराचं काम.

यानंतर कोणी तोंडी काही मागितलं तर हसून म्हणायचं, साहेब लॉगिनवर टाका ना, लगेच देतो. भांडायचं नाही. ऑफिसात एक बोर्ड असतो, बहुतेक जिन्याजवळ आणि बहुतेक कपाटामागे, लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा, कुठली सेवा किती दिवसात आणि अपील कोणाकडे. त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मुदत टळली की ३० दिवसात पहिलं अपील, ते त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे असतं, फाइल अडवणारा अधिकारी दोषी ठरला तर ५०० ते ५००० रुपये दंड त्या माणसाच्या खिशातून जातो, म्हणून अपील आलं की फाइल हलते हा माझा अनुभव. सोबत दहा रुपयाचा माहिती अधिकार अर्ज टाका, फक्त एवढं विचारा की माझी फाइल कुठल्या तारखेला कोणाच्या टेबलावर होती. बाकी भाषण नको.

आणि ६० दिवस खरंच उलटले तर? मानीव परवानगी मिळते पण ती नियमात बसणाऱ्या बांधकामालाच. ३ फूट मार्जिनवाला आताचा नकाशा घेऊन तुम्ही ती धरली असती तर ते अनधिकृतच ठरलं असतं. म्हणून आधी नकाशा दुरुस्त. मग काम सुरू करण्याआधी पत्र द्यायचं की अमुक तारखेला मुदत संपली, कळवत आहोत. परवानगी हातात आली की ती एक वर्ष चालते, पुढे दरवर्षी मुदतवाढ मिळते, सगळी मिळून चार वर्षं.

कॉन्ट्रॅक्टरला सांगा बाबा गप्प बस. नोटीस आली तर ती त्याच्या नावाने येत नाही. शास्ती (अनधिकृत बांधकामाचा दंड) मूळ घरपट्टीच्या दुपटीपर्यंत लागू शकते, आणि नियमात न बसणारं बांधकाम पैसे भरून पण रेग्युलर होत नाही.

राहिलं सिमेंट. मेमधलं म्हणजे आठ महिने आणि मधे एक अख्खा पावसाळा. गोणी फोडून हात घाला, खडे बोटाने चुरडले तर ठीक, न चुरडणारे निघाले तर ती गोणी दगड झाली. चुरडलं तरी कॉलम-स्लॅबला वापरू नका, तीन महिन्यांवरचं सिमेंट टेस्ट केल्याशिवाय आरसीसीत घालत नाहीत. कंपाउंडची फरशी, पायरी, असल्या कामाला संपवा. सळईवर नुसता तांबूस गंज असेल तर तारेच्या ब्रशने काढून वापरा, पापुद्रे सुटत असतील तर भंगारात.

प्रश्न : कॉलम-स्लॅब न करता चार लोखंडी पाइप आणि वर पत्रा टाकून मागे शेड केली, ड्रिल मशीन आणि टेबल ठेवायला, तर परवानगी लागत नाही ना? सगळे म्हणतात पत्र्याला लागत नाही.

उत्तर : लागते. पत्रा, बांबू, काहीही असो, ते बांधकामच. पावसाळ्यापुरती तात्पुरती शेड मिळते पण ती पण अर्ज करून, आणि पाऊस संपला की काढायची. लोक काढत नाहीत ही वेगळी गोष्ट. ज्याला परवानगी लागत नाही ते म्हणजे घराच्या आतलं काम, बाहेरून दिसण्यात फरक न पडणारं. मागची बेडरूम रिकामी असेल तर टेबल तिथे लावा, खिडकीत एक्झॉस्ट बसवा, कोणाला विचारायला नको. वहिनींना सोडून.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगमध्ये स्टिल्टमध्ये (तळमजल्यावर खांबांमधल्या मोकळ्या जागेत) माझं पार्किंग आहे, गाडी विकली, तिथे जाळी लावून छोटं वर्कशॉप केलं तर?

उत्तर : नाही. पार्किंग नकाशात पार्किंग म्हणून मंजूर आहे, गाडी विकल्याने ते तुमची खोली होत नाही. सोसायटीने हो म्हटलं तरी नाही.