थँक्सगिव्हिंगची टर्की ढीगभर उरली आहे. तब्येतीला झेपेल अशी कशी संपवू?

चौघांत १२ पाउंडांची टर्की, त्यातली निम्मी उरली आणि मिस्टरांचं कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणून मेयॉनीज फासलेली सँडविचं नकोत, असा तुमचा प्रश्न. टर्की अजून हाडांसकट फ्रीजमध्ये असेल तर उत्तर नंतर वाचा, आधी मांस सोडवून उथळ डब्यांत भरा. इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, कृषी खात्याचं सांगणं असं की शिजलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावं आणि तिथे ३-४ दिवसच राहावं. थँक्सगिव्हिंग गुरुवारी असतं, म्हणजे त्या दिवशीची टर्की सोमवारपर्यंत. रात्रभर ओट्यावर झाकून ठेवायची आपली सवय इथे नको.

टर्की मुळात हलकीच. कातडी काढलेल्या भाजक्या ब्रेस्टच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३० ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम २-३ ग्रॅम चरबी. तंगडीत थोडी जास्त. घात करतात ती कातडी, ग्रेव्ही आणि मीठ. दुकानातल्या बऱ्याच टर्कींमध्ये मिठाचं पाणी आधीच भरलेलं असतं. न्यू जर्सीत आलो त्या पहिल्या वर्षी हे ठाऊक नव्हतं. उरलेल्या टर्कीचा झकास तांबडा रस्सा करायला घेतला, चिकनच्या अंदाजाने मीठ घातलं आणि अर्धा तास रटरटू दिला. पीस सुतळीसारखे झाले, आणि पाहुणे रस्सा कमी, पाणी जास्त पीत होते.

तेव्हापासून टर्की सगळ्यात शेवटी घालायची आणि मीठ चव बघूनच. शिजलेलीच आहे, फक्त गरम करायची. मात्र कोमट नको, चांगली वाफाळती. थर्मामीटर असेल तर १६५ फॅरनहाइट.

आमच्याकडे पहिल्यांदा फडशा पडतो तो कुस्कऱ्याचा, शिळ्या पोळीचा करतो तसाच. ब्रेस्टचे धागे हातानेच सोडवा, म्हणजे फोडणी धाग्याधाग्याला लागते. चमचाभर तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची, भरपूर कांदा आणि टर्कीच्या दुप्पट कोबी. कोबी अजून कचकचीत असतानाच टर्की घाला, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा. तीन-चार मिनिटांत होतो. वरून लिंबू पिळलं की मीठ कमी आहे हे कळतही नाही. सोबत भाकरी, नाहीतर मक्याचा टॉर्टिया. टर्की मूळची मेक्सिकोकडचीच, तेव्हा त्यात ती परकी वाटत नाही!

हाडं फेकू नका, खरा माल तिथे आहे. सांगाडा मोडून मोठ्या पातेल्यात घाला. आलं, लसूण, हळद, चार मिरी, मीठ मुळीच नाही. मंद आचेवर तीन तास. गाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी वर पिवळट चरबीचा थर धरतो आणि खालचं पाणी जेलीसारखं थरथरतं. थर चमच्याने उचलून टाकून द्या. हे बिनमिठाचं पाणी म्हणजेच अळणी. तिच्यात मसूर, गाजर आणि पालक शिजवून शेवटी मूठभर टर्की घातली की मिस्टरांचं रात्रीचं जेवण झालं. पांढरा रस्सा करायचा मोह होईल, मलाही होतो. पण खोबरं, काजू, तीळ, खसखस आली की हलकेपणा संपला.

मुलांना सँडविचच हवं असेल तर लो-फॅट दह्याच्या चक्क्यात थोडी मोहरी फेसून लावा. बिर्याणीच्या वाटेला जाऊ नका, दमात टर्की अजूनच कोरडी पडते.

सोमवारपर्यंत संपणार नाही असं दिसलं तर धागे एका वेळेपुरत्या पिशव्यांत भरा, प्रत्येकीत डावभर अळणी ओता आणि फ्रीझरमध्ये टाका. आणि चौघांना अख्खी टर्की लागते कशाला? दुकानात नुसतं ब्रेस्टही मिळतं, पुढच्या वर्षी तेच आणा.