वाचकांचे प्रश्न : गंजलेल्या फियाटला काय म्हणावे?

प्रश्न : आमच्या वडिलांची १९६५ सालची फियाट ११०० आता पुतण्याकडे आहे. त्याने पुढच्या स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली, रंग खरवडून पत्रा उघडा केला, त्यावर मुद्दाम गंज चढू दिला आणि वरून पारदर्शक लॅकर मारला. इंजिन मूळचेच आहे. तो तिला ‘रॅट रॉड’ म्हणतो, त्याचे निपाणीचे मित्र ‘रेस्टोमॉड’ म्हणतात आणि मी खटारा म्हणतो. घरात यावरून रोज वाद होतो. बरोबर कोण? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : पुतण्याच्या मित्रांचा दावा लगेच निकालात काढता येतो. जुनी बॉडी कायम ठेवून आत नव्या काळाचे इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शन बसवले, तर त्या गाडीला रेस्टोमॉड म्हणतात. आपल्या फियाटमध्ये यातले काहीच झालेले नाही.

रॅट रॉडचे प्रकरण मात्र गुंतागुंतीचे आहे. फोर्डने १९३२ मध्ये सामान्यांना परवडेल अशा किमतीत व्ही-८ इंजिनाची मोटार आणली. पुढे तशा जुन्या गाड्या स्वस्तात घेऊन दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण त्यांचे मडगार्ड आणि बॉनेट काढून वजन घटवत, इंजिनाची ताकद वाढवत आणि कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळावर त्या पळवत. त्या गाड्या म्हणजे हॉट रॉड. कालांतराने या छंदात पैसा शिरला, आरशासारखा रंग आणि चकचकीत क्रोम यांचेच कौतुक होऊ लागले, आणि त्याला कंटाळलेल्या मंडळींनी भंगारातले सुटे भाग जोडून बिनरंगाच्या गाड्या उभ्या केल्या. त्यांना रॅट रॉड म्हणणे ही आधी चेष्टा होती, पण मालकांनी तेच नाव अभिमानाने मिरवायला सुरुवात केली. आजही जुन्या पद्धतीने, जुन्याच काळातले भाग शोधून काटेकोरपणे हॉट रॉड बांधणाऱ्या कारागिराच्या गाडीला कोणी रॅट रॉड म्हटले, तर त्याला ती शिवी वाटते.

असे आपल्याकडेही घडले आहे. १९५० च्या दशकातल्या गोलसर फियाटला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत, आणि आज त्याच गाडीचा मालक ते नाव हसतमुखाने सांगतो. क्वचित एखादा मात्र ‘मिलेचेंतो (इटालियन भाषेत अकराशे) म्हणा’ असे ठणकावतो. दोघांचीही गाडी एकच असते, म्हणून नावावरून कोणाला चूक ठरवण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. तरीही रॉड म्हटले की इंजिनावर काही काम झालेले असावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. मूळच्या १०८९ सीसी इंजिनावर चालणारी आपली फियाट त्या कसोटीला उतरत नाही. ती ‘खाली बसवलेली कस्टम फियाट’, म्हणजे मालकाने आपल्या हौसेप्रमाणे रूप बदललेली गाडी आहे, एवढेच म्हणता येईल.

गंजाबद्दल मात्र आम्ही ठामपणे आपल्या बाजूचे आहोत. उन्हापावसाने रंग आपोआप विटतो आणि झिजतो, त्याला शौकीन ‘पॅटिना’ म्हणतात आणि जपतात. रंग खरवडून आणलेला गंज कॅलिफोर्नियातील जाणकारसुद्धा पॅटिना मानत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही शैली कोरड्या हवेत जन्मली. तिथे उघडा पत्रा वर्षानुवर्षे वरवरचा तांबूस राहू शकतो. खानापूरच्या पावसात तसे होत नाही. लॅकर फक्त दर्शनी पत्र्यावर बसतो. दाराखालची उंबऱ्याची पट्टी, मडगार्डची आतली घडी आणि डिकीचा तळ इथे पाणी साचते आणि पत्रा आतून कुजत जातो. पुतण्याला एकदा दाराखालच्या पट्टीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहायला सांगावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला आणि गंजाचे पापुद्रे गळून पडले, तर शैलीची चर्चा बाजूला ठेवून आधी पत्रेकाम करणारा गाठावा.

स्प्रिंगांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंगा आणि मागे पाटे असतात. कॉइल ग्राइंडरने कापली की तिचे टोक वाटीत नीट बसत नाही, स्टिअरिंग वळवताना टक टक आवाज येतो, आणि खड्ड्यात चाक खाली लोंबले की स्प्रिंग जागा सोडू शकते. शिवाय कापलेली स्प्रिंग अधिक ताठ होते, म्हणून गतिरोधकावर बसणारा दणका थेट चासीपर्यंत जातो. गाडी खाली बसवायचीच असेल, तर त्या मापाच्या स्प्रिंगा नव्याने वळवून घ्याव्यात. बेळगावात उद्यमबागेसारखी कारखान्यांची वसाहत हाताशी असताना हे काम ग्राइंडरवर उरकण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

कापलेल्या मूळ स्प्रिंगा आणि काढलेले इतर भाग भंगारात गेले नसतील, तर ते जपून ठेवायला सांगावे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो. मात्र ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही. वयाच्या अटीत आपली फियाट बसते. पुतण्याने पुढे छप्पर कापायचे मनात आणले, तर मात्र तो दरवाजा बंद होईल, आणि हे त्याला आत्ताच सांगणे घरातल्या रोजच्या वादापेक्षा उपयोगाचे ठरेल.

प्रश्न : माझे मामा त्यांची १९८५ सालची अँबॅसिडर लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने देतात आणि फलकावर ‘व्हिंटेज कार’ लिहितात. हे योग्य आहे का? (एक वाचक, चिक्कोडी)

उत्तर : नाही. इंग्लंडमधील जुन्या मोटारींचे शौकीन व्हिंटेज हा शब्द साधारण १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्यांसाठी राखून ठेवतात, आणि आपल्याकडील ५० वर्षांच्या अटीतही ही अँबॅसिडर अजून बसत नाही. फलकावर ‘क्लासिक’ लिहिले तर कोणाची हरकत नसावी. मामा २०३५ पर्यंत वाट पाहायला तयार असतील, तर आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घालावी : व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी व्यवसायासाठी वापरता येत नाही, त्यामुळे तो क्रमांक मिळाल्यावर तिला वरातीला भाड्याने पाठवता येणार नाही.