बर्फावरची खुर्ची

प्रश्न : हिमालयात चेअरलिफ्टवर (फिरत्या दोराला टांगलेल्या, डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांवर) बसताना खुर्चीने पोटरीवर चांगलाच दणका दिला. परदेशात अशा जुन्या लिफ्ट बदलतात, त्या का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेतील सन व्हॅली येथे सुरू झाली, जहाजात केळीचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून युनियन पॅसिफिक रेल्वेचे अभियंते जेम्स करन यांना ती सुचली, आणि साखर कारखान्यात ऊस वाहून नेणारी गव्हाण पाहिलेल्या कोल्हापूरकराला यात नवल वाटू नये. जुन्या खुर्चीची पकड दोरावर कायमची असल्याने माणूस बसतानाही ती थांबत नाही, म्हणून दोराचा वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटरच ठेवावा लागतो. नव्या प्रकारात स्थानकात पकड सुटून खुर्ची सावकाश सरकते, दोर मात्र पाच मीटरच्या वेगाने धावतच राहतो. म्हणून जुन्या बदलतात; लहान उतारावर मात्र जुनीच परवडते, पोटरी सांभाळावी.