एकाच गिऱ्हाइकाची दोन खाती कशी झाली?

प्रश्न : ताई, मी महापे एमआयडीसीत एका छोट्या एक्स्पोर्ट कंपनीत सॉफ्टवेअर बघतो. बिलिंगचा प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या 2.7 व्हर्जनवर होता, तो गेल्या महिन्यात 3 वर नेला. गिऱ्हाइकाचं नाव कॅपिटल करून त्यावरूनच आम्ही खातं शोधतो. ठाणे-बेलापूरकडच्या नावांवर टेस्टिंग केलं, सगळं ओके, आणि आता जर्मनीच्या काही जुन्या गिऱ्हाइकांची परत नवीन खाती उघडली गेलीत. नाव तेच, कोड तोच, मग असं का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : दादा, पायथनचं कॅपिटल करणंच मधे बदललंय. जर्मनमध्ये एस्झेट नावाचं अक्षर आहे, दिसायला इंग्रजी बीसारखं, उच्चार 'स'. 2.7 मधलं अपर (कॅपिटल करायची कमांड) एका अक्षराला एकच अक्षर द्यायचं, एस्झेटला तशी जोडी नव्हती म्हणून ते तसंच राहायचं. 2012 च्या पायथन 3.3 पासून यूनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांचं जागतिक मानक) पूर्ण नियम लागला आणि एस्झेटचे दोन एस व्हायला लागले. म्हणजे एस्झेटवालं 'वाइस' आडनाव चार अक्षरांचं, कॅपिटल केलं की पाच, मग जुनं खातं सापडणार कसं? (मोठं एस्झेट 2008 मध्ये यूनिकोडमध्ये आलं, 2017 मध्ये जर्मनीत अधिकृत झालं, तरी अपर अजून दोन एसच देतं.) तुमच्या टेस्टिंगमध्ये हे दिसणं शक्यच नव्हतं, देवनागरीत कॅपिटल नाही आणि साध्या इंग्रजी अक्षरांना दोन्हीकडे उत्तर सारखंच.

आता अपरवरून खातं शोधणं बंदच करा, कळकळीने सांगते. 3.6 वरून 3.7 ला जाताना जॉर्जियन लिपीचं असंच झालं, कारण 2018 च्या यूनिकोड 11 मध्ये तिला मोठी अक्षरं मिळाली. तुलनेसाठी केसफोल्ड (लहान-मोठ्या अक्षरांचा फरक काढून टाकणारी पायथनची कमांड) वापरा, ते त्याचसाठी आहे. तुमच्या जुन्या आणि नव्या दोन्ही नोंदींना ते लावून बघा, एस्झेटवालं आणि दोन एसवालं दोन्ही एकच होतात, सगळी डबल खाती हाताला लागतील. मूळ नाव मात्र जसं टाइप केलं तसं वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, कारण दोन एस परत लोअर (लहान अक्षरं) केले तर एस्झेट मिळत नाही, आणि बिलावर माणसाचं आडनाव चुकीचं छापणं बरं नाही.

आणि खाती आपोआप जोडू नका हं. एस्झेटवालं वाइस आणि दोन एसवालं वाइस ही जर्मनीत दोन वेगळी आडनावं आहेत, त्यामुळे पत्ता आणि टॅक्स नंबर जुळला तरच जोडा, आणि त्याआधी बॅकअप.