जुन्या एक्सओ लॅपटॉपचं फर्मवेअर अपडेट करू का? मध्येच बंद पडला तर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेच्या अडगळीतून हिरवा-पांढरा, दोन कानांचा एक्सओ लॅपटॉप (‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचा, शाळकरी मुलांसाठीचा) मिळाला, तो चालू होतो, पण फर्मवेअर, म्हणजे यंत्र सुरू करणारा चिपवरचा मूळ प्रोग्राम, जुनं आहे. अपडेट करावं का, आणि करताना वीज गेली तर लॅपटॉप कायमचा जाईल का?

आधी मला सांगा, तुमचं अडलंय कुठे? लॅपटॉप सुरू होतोय, शुगरचा, म्हणजे त्यातल्या मुलांसाठीच्या चित्रमय मांडणीचा, पडदा येतोय, वायफाय पकडतंय, तर फर्मवेअरला हात लावू नका. फोनवर अपडेट आलं की आपण डोळे झाकून दाबतो, ती सवय इथे उपयोगाची नाही. नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची आहे, पेनड्राइव्हवरून सुरू होत नाही, किंवा बॅटरी नीट चार्ज होत नाही, असं काही असेल तर मात्र करा. बॅटरीचा हिशेब सांभाळणाऱ्या छोट्या कंट्रोलरचा कोडही याच फर्मवेअरच्या फाइलीतून येतो.

माझ्याकडे असे दोन आहेत. गिरगावातल्या खोलीत पोटमाळ्यावर असतात, सुट्टीत भाचरं आली की खाली उतरतात. एक्सओ-१ म्हणजे २००७ सालचं यंत्र: ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड, २५६ एमबी रॅम, १ जीबी फ्लॅश, पंखा नाही, हार्ड डिस्क नाही. त्याच वर्षी आपल्या कर्जतजवळ खैराटच्या धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत ही यंत्रं आली होती, तेव्हापासून मला त्यांचं वेड. आजही उन्हात याच्या पडद्यावर जे स्वच्छ दिसतं ते माझ्या चाळीस हजारांच्या लॅपटॉपवर दिसत नाही. असो.

तुमच्याकडे नेमकं कोणतं मॉडेल आहे ते आधी बघा, कारण सगळे बाहेरून भावंडांसारखे दिसतात. पडद्याच्या उजव्या कडेला चार गोल बटणं आहेत, गोल, चौकोन, बरोबर आणि फुली अशी. त्यातलं ‘बरोबर’चं बटण दाबून धरून लॅपटॉप सुरू करा. चित्रांऐवजी अक्षरं येतील, त्यात फर्मवेअरची आवृत्ती दिसेल. क्यू२ने सुरू होत असेल तर एक्सओ-१, क्यू३ म्हणजे एक्सओ-१.५, क्यू४ म्हणजे १.७५, आणि क्यू७ म्हणजे एक्सओ-४. क्यूनंतरचा आकडा जुळला तरच ती फाइल तुमची. एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. पहिल्या दोघांचे प्रोसेसर वेगळ्या कंपन्यांचे, आणि पुढचे दोन तर एआरएम या वेगळ्याच घराण्यातल्या प्रोसेसरवर चालणारे.

आता सगळ्यात सोपा रस्ता, जो लोक विसरतात. एक्सओची नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली की तिच्या बूट फोल्डरमध्ये ‘बूटएफडब्ल्यू’ नावाची झिप फाइल येते. त्यात सही केलेलं, म्हणजे अस्सल असल्याची डिजिटल खूण असलेलं, फर्मवेअर असतं. पुढच्या वेळी चार्जर जोडलेला असेल आणि बॅटरीत पुरेसा जीव असेल तर लॅपटॉप स्वतःच फर्मवेअर बदलतो आणि पुन्हा सुरू होतो. म्हणजे १३.२ मालिकेतली सिस्टीम टाकायचीच असेल, तर हाताने काही करायची गरज सहसा पडत नाही. मात्र सिस्टीम नव्याने टाकली की आतलं सगळं पुसलं जातं. शाळेतल्या पोरांनी काढलेली चित्रं, गाणी, काहीबाही आत असेल तर आधी पेनड्राइव्हवर काढून घ्या. माझ्या एका यंत्रात कुणीतरी ‘आमची गाय’ म्हणून एक चौकोनी प्राणी काढलेला सापडला होता. तो मी अजून जपून ठेवलाय.

हातानेच करायचं असेल तर पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस लावाल तर फर्मवेअरला तो पेनड्राइव्ह कळतच नाही आणि आपण उगाच पोर्टला दोष देतो. फर्मवेअरची रॉम फाइल कोणत्याही फोल्डरमध्ये न घालता थेट टाका. डाउनलोड करताना सोबत चेकसमचा आकडा (फाइल धड उतरली का ते तपासायचा) दिला असेल तर जुळवून बघा.

मग लॅपटॉप सुरू करताच, ओळखीचा सूर वाजतो तेव्हा, एस्केप दाबा. इथे बरेच जण फसतात. एस्केपच्या कळीवर वर्तुळातली फुली आहे आणि पडद्याशेजारच्या बटणावरही फुली आहे. आपल्याला हवी ती कीबोर्डवरची, डाव्या कोपऱ्यातली. काही सेकंदच मिळतात, हुकलं तर बंद करून पुन्हा. जमलं की ‘ओके’ अशी दोनच इंग्रजी अक्षरं आणि शेजारी लुकलुकणारा कर्सर दिसतो.

हे ओपन फर्मवेअर. मिच ब्रॅडली यांनी उभं केलेलं, सन कंपनीच्या मोठ्या यंत्रांमध्ये आणि पॉवरपीसी मॅकमध्येही हेच घराणं होतं. आत फोर्थ ही प्रोग्रामिंगची भाषा बसली आहे. दोन, तीन, अधिकचं चिन्ह आणि टिंब, मध्ये स्पेस देत टाइप करून एंटर मारा, पाच येतात. कामाचं काही नाही, पण पोरांना दाखवा, खूश होतात.

आता कामाकडे. खालच्या आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या. आधी ‘वॉच-बॅटरी’ टाइप करून बॅटरीची स्थिती बघा. नंतर ‘डीआयआर’, स्पेस, यू, कोलन आणि उलटी तिरकी रेघ. पेनड्राइव्हमधल्या फाइलींची यादी आली पाहिजे. तुमची रॉम फाइल त्यात दिसली तरच पुढे जा. शेवटची आज्ञा ‘फ्लॅश’, स्पेस, पुन्हा यू, कोलन, तीच उलटी तिरकी रेघ, आणि लगेच चिकटून फाइलीचं पूर्ण नाव, रॉम या शेपटासकट.

एंटर मारल्यावर ते फाइल वाचतं, तपासतं, यंत्राची स्वतःची माहिती नव्या फाइलीत मिसळतं, जुनं पुसतं, नवं लिहितं, पुन्हा पडताळतं आणि लॅपटॉप आपोआप सुरू होतो. या वेळात कळीला, झाकणाला, कशाला हात लावायचा नाही.

तुम्ही ज्याला घाबरताय ती वेळ म्हणजे पुसणं आणि लिहिणं यांच्या मधली. म्हणूनच चार्जर आणि बॅटरी दोन्ही असल्याशिवाय हे यंत्र फ्लॅश करायला तयारच होत नाही. पूर्वी मला हा उगाचचा हट्ट वाटायचा. मग एका पावसाळ्यात घडलं असं: एक्स्टेन्शन बोर्ड खिळखिळा, त्यात मोबाइलचा चार्जर, मिक्सर, आणि एक्सओचा अ‍ॅडॅप्टर. पडद्यावर ‘इरेझिंग’ आलं आणि नेमका तेव्हाच आईने मिक्सर काढायला प्लग ओढला. अ‍ॅडॅप्टर टुणकन बाहेर. मी श्वास धरून उभा, आई विचारतेय, ‘‘काय झालं रे, असा का बघतोस?’’ काही झालं नाही. बॅटरीने निभावलं, ‘रायटिंग’ आलं, मग पडताळणी, मग ओळखीचा सूर. त्या दिवसापासून मी हे काम भिंतीतल्या प्लगवर करतो आणि घरात आधी सांगतो.

पण बॅटरी खरोखर भरलेली हवी. पंधरा वर्षांपूर्वीच्या बॅटऱ्या चार्जर काढला की मिनिटभरात मान टाकतात. म्हणून ओकेवर जाण्याआधी चार्जर काढून दहा मिनिटं लॅपटॉप चालवून बघा. तेवढं तग धरत नसेल तर आधी बॅटरीचा बंदोबस्त.

आणि तरीही बंद पडलाच, तर? दिवा लागतो, सूर वाजत नाही, पडदा काळा. मग घरी काही होत नाही. फर्मवेअर एका १ एमबीच्या चिपवर असतं, ती बाहेरून लिहावी लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चिप काढून प्रोग्रामरवर लिहिणारे कारागीर आहेत. पण त्यांच्या हातात नुसती रॉम फाइल देऊ नका. यंत्राचा सिरियल नंबर, कीबोर्डचा प्रकार, भाषा हे सगळं त्याच चिपमध्ये असतं. ‘फ्लॅश’ आज्ञा ते जपून मिसळते, प्रोग्रामर सरसकट पुसतो. माझा दुसरा एक्सओ मी असाच घेतला होता. आधीच्या मालकाने कुठूनतरी दुरुस्त करून आणलेला, चालायचा, पण स्वतःचा सिरियल नंबर विसरलेला. बॅटरी काढल्यावर खाली स्टिकरवर तो छापलेला असतो, म्हणून निदान परत भरता आला. चिप काढायला लावाल तर आधी तिची जुनी प्रत वाचून ठेवायला सांगा.

एक शक्यता राहिली. एस्केप दाबूनही ओके येतच नसेल, तर तुमचा लॅपटॉप कुलूपबंद आहे. मोठ्या प्रकल्पांसाठी पाठवलेली बरीच यंत्रं अशीच असत, चोरी झाली तर निकामी व्हावीत म्हणून. त्याला डेव्हलपर की नावाची फाइल लागते, ती पेनड्राइव्हवर ‘सिक्युरिटी’ फोल्डरमध्ये ठेवतात. ती नसेल तर ‘फ्लॅश’चा रस्ता बंद, सही केलेल्या सिस्टीमबरोबर येणारं फर्मवेअर मात्र अशा यंत्रालाही चालतं. आणि कुलूपबंद यंत्र तारीख चुकीची असल्याची तक्रार करून अडून बसलं, तर तो दोष फर्मवेअरचा नाही. आतली घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते.

चार्जर मूळचा नसेल तर ११ ते १८ व्होल्टच्या आतला चालतो. पिनची धन-ऋण बाजू तेवढी तपासून घ्या. ‘बरोबर’चं बटण धरून पडद्यावर काय आकडा येतो तो लिहून कळवा, मग फाइल कोणती ते सांगतो.